विक्रीपूर्वी घराची तांत्रिक तपासणी : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर विक्रीस काढण्यापूर्वी, मे महिन्यात, मी एका खासगी स्थापत्य अभियंत्याकडून त्याची तपासणी करून घेतली. आता खरेदीखत झाले असल्याने त्या अहवालाचा कितपत उपयोग झाला, हे लिहिता येते.

सर्वाधिक उपयोग भेगांच्या बाबतीत झाला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि उथळ पायाच्या भिंतींना आपल्याबरोबर हलवते. नव्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती. ती लिंपून, रंग देऊन घर दाखवावे, असा नातेवाइकांचा आग्रह होता (गावात सर्रास तेच चालते). अभियंत्याने मात्र भेगेवर काचेची आडवी पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवली, शेजारी तारीख लिहिली आणि पावसाळा जाऊ देण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये काच तडकली, म्हणजे भिंत अजून हलत होती. त्यानंतर छताचे पाणी पन्हळीने दूर काढले आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उताराची फरशी केली.

दोष लिहून दिले तर भाव पडेल, ही भीती घरात सर्वांनाच होती. परंतु खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला गंभीर दोष सांगणे, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. आम्ही तडकलेली काच तशीच ठेवून दाखवली. खरेदीदाराने उरलेल्या दुरुस्तीचा खर्च तेवढा वजा करून मागितला. एरवी भेग पाहून लोक सरसकट लाखांत भाव पाडतात.

विजेच्या तपासणीत अर्थिंग निकामी निघाले. ते दुरुस्त करून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवला.

जुन्या कवेलूच्या (कौलारू छपराच्या) भागाबाबत मात्र अहवाल निराशाजनक ठरला. खालूनच पाहून ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा मारला होता. गावच्या सुताराने सागवानी मयालीत (छपराच्या तुळईत) पटाशी टोचली, तर ती सहज आत गेली. ‘भाऊ, वरून साजरं दिसते, अंदरून वाळवीनं खाल्लं हाये,’ हे त्याचे निदान बिनचूक होते. लाकूडकाम सुतारालाच दाखवावे.

मोजमापात मागची न्हाणी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नोंदलेली नसल्याचेही आढळले. तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरीही खरेदीदार प्रथम तोच मागतो. ही नोंद करून घेण्यास भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा अधिक वेळ लागला, म्हणून तो अर्ज तपासणीच्याच आठवड्यात द्यावा. गावात कापसाचा पैसा हाती आल्यावरच गिऱ्हाईक फिरकते, तोवर कागद तयार हवेत.