गेजमास्टर मॉडेल डी: कॉमन रिटर्नवर बिनधास्त चालणारा कंट्रोलर

नोकरीची सगळी वर्षं मी वीज मंडळाच्या टेस्टिंग विभागात काढली. रिले, ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग हेच काम. आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला लेकीकडे असते, आणि नातवाच्या ओओ गेज (म्हणजे ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या मापाच्या) मॉडेल रेल्वेचं वायरिंग माझ्याकडे आहे. त्याच्यासाठी घेतलेल्या गेजमास्टर मॉडेल डी या दोन-ट्रॅकच्या कंट्रोलरबद्दल, म्हणजे रुळांना वीज देऊन गाड्यांचा वेग आणि दिशा ठरवणाऱ्या खोक्याबद्दल लिहिते आहे. मराठीत यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आमचे रूळ कॉमन रिटर्नवर आहेत. म्हणजे दोन रुळांपैकी एक सलग, सगळीकडे एकमेकांना जोडलेला. परतीचा प्रवाह त्याच्यातून. दुसरा रूळ प्लॅस्टिकचे जॉइनर घालून जागोजागी तोडलेला. त्या प्रत्येक तुकड्याला एक साधा स्विच: वर केला की कंट्रोलरची ए बाजू, खाली केला की बी बाजू, मधे बंद. वायर जवळजवळ निम्मी लागते, स्विच स्वस्तातले चालतात, आणि दोष शोधायला फार सोपं जातं. आपल्या थ्री-फेजमधल्या न्यूट्रलला ज्याने हात घातलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

अडचण येते ती कंट्रोलरमध्ये. डीसी गाडीची दिशा बदलायची म्हणजे प्लस-मायनस उलटे करायचे. दोन नॉब असलेल्या काही स्वस्त खोक्यांत दोन्ही बाजूंना आतून एकच पुरवठा असतो. एक गाडी पुढे आणि दुसरी मागे न्यायला गेलं की एका बाजूची कॉमन तार मायनस होते, दुसऱ्या बाजूची प्लस, आणि त्या दोन्ही आपण बाहेर एकत्र बांधलेल्या असतात. सरळ शॉर्ट. जावयांनी आधी आणलेल्या एका जुन्या, बिननावाच्या कंट्रोलरचं नेमकं हेच होतं. दोन्ही गाड्या एका दिशेला छान पळायच्या, एकीची दिशा बदलली की दोन्ही बंद. नातवाला वाटायचं इंजिन बिघडलं.

मॉडेल डी मध्ये दोन्ही बाजूंचे पुरवठे एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. माझ्या मते या कंट्रोलरचं खरं मोल इथेच आहे. प्रत्येक बाजूला 12 व्होल्ट डीसी, 1 अँपिअरपर्यंत. वेगाचा नॉब वेगळा, दिशेचा स्विच वेगळा.

छापलेल्या माहितीवर विसंबून राहायची माझी सवय नाही, म्हणून घरी आणल्यावर सिरीज लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, लावला. मोटारीचा 12 व्होल्टचा दिवा घ्यायचा. एक टोक ए च्या एका टर्मिनलला, दुसरं बी च्या एका टर्मिनलला. दोन्ही नॉब अर्ध्यावर, दिशा विरुद्ध. पुरवठे खरोखर वेगळे असतील तर दिवा लागता कामा नये, कारण एकाच तारेतून सर्किट पूर्ण होत नाही. टर्मिनलांच्या सगळ्या जोड्या आणि दिशेच्या सगळ्या जुळण्या करून पाहिल्या. दिवा एकदाही मिणमिणला नाही. जुन्या खोक्यावर हाच दिवा लख्ख पेटला, तेव्हा नातू म्हणाला, “आजी, म्हणजे इंजिन बरं आहे तर!” जुना कंट्रोलर वापरात असेल तर तुम्हीही ही चाचणी कराच.

गाडी चालवताना काय फरक पडतो? सगळ्यात जास्त फरक मंद वेगात. शंटिंग करताना इंजिन झटका न देता सरकतं, नॉब थोडा फिरवला तर वेगही थोडाच वाढतो. डबा रुळावरून घसरून शॉर्ट झाला की कंट्रोलर स्वतःला आणि गाडीला वाचवतो. खोकं जड आहे, आत ट्रान्सफॉर्मर आहे. मला ते वजन आवडतं. कंपनी आजीवन वॉरंटी देते. तिचं दुकान फोर्ड स्टेशनला लागूनच आहे आणि वर्दिंगहून थेट लोकल जाते, त्यामुळे सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं.

दोन गोष्टी मात्र कंट्रोलर कितीही चांगला असला तरी आपल्यालाच सांभाळाव्या लागतात. ए च्या तुकड्यातून बी च्या तुकड्यात इंजिन जाताना चाकं दोन्ही तुकडे क्षणभर जोडतात. त्या वेळी दिशा विरुद्ध असतील तर मधे 24 व्होल्टपर्यंत फरक येतो आणि तो शॉर्टच असतो. तेव्हा आधी दिशा जुळवा, मग गाडी न्या. नातवाला हे मी सिग्नलचा नियम म्हणूनच शिकवलंय.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कॉमन तार कंट्रोलरजवळ तुटली तर दोन्ही इंजिनं एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. दोन्ही नॉब सारखे आणि दिशा एक असेल तर गाड्या थांबतात, एवढंच. पण दिशा विरुद्ध असेल तर दोघींमध्ये मिळून 24 व्होल्ट वाटले जातात, तेही असमान, आणि एखादी गाडी एकदम सुसाट सुटते. आपल्याकडे चाळीत न्यूट्रल तुटला की एकाच्या घरात दिवे मंद आणि शेजाऱ्याचा टीव्ही जळालेला, तोच हा प्रकार. म्हणून कॉमनला मी 32/0.2 ची (0.2 मिमीच्या 32 तारांची) जाड वायर घातली, दोन्ही बाजूंनी फिरवून रिंग केली आणि प्रत्येक सांधा डाख देऊन पक्का केला. गाड्या एका दिशेला असताना दोघींचा प्रवाह याच तारेतून परत येतो, तेव्हा इथे कंजुषी नको. रुळापर्यंतच्या छोट्या तारांना 7/0.2 पुरते.

पुण्याला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन आल्यावर घरी रूळ मांडायची हौस अनेकांना येते, त्यांच्यासाठी: हा कंट्रोलर 230 व्होल्टवर चालतो, म्हणजे भारतातही चालेल, फक्त प्लग बदलावा लागेल. पुढे डीसीसीवर, म्हणजे डिजिटल पद्धतीवर जायचं ठरलं असेल तर मात्र यात पैसे घालू नका. तिथे गाडीची आज्ञा रुळातूनच जाते, वायरिंगची पद्धत वेगळी असते आणि प्रत्येक विभागाच्या दोन्ही तारा स्वतंत्र नेलेल्याच बऱ्या.