कोथरूडमधील हृदयरोग चिकित्सालय : गोळीच्या मर्यादा स्पष्ट सांगणारे डॉक्टर

सासऱ्यांच्या बायपासपूर्वी दुसरे मत घ्यावे म्हणून आम्ही येथे नंबर लावला. त्यांना कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन आधीपासूनच चालू होते आणि तिचा डोस वाढवला की शस्त्रक्रियेनंतर हृदयाचे ठोके बिघडत नाहीत, असे एका नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितले होते. डॉक्टरांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, ही माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

ही समजूत अगदीच निराधार नाही, असे ते म्हणाले. हृदयशस्त्रक्रियेनंतर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून होणारी ठोक्यांची अनियमितता, बऱ्याच रुग्णांत उद्भवते, त्यामागे दाहाचाही वाटा असतो आणि स्टॅटिनने, म्हणजे रोसुव्हास्टॅटिन ज्या गटातले आहे त्या औषधांनी, दाह काहीसा कमी होतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इटलीतील २०० रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या सात दिवस आधीपासून ४० मिलिग्रॅम अटोरव्हास्टॅटिन घेतलेल्यांपैकी ३५ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ५७ टक्के जणांत हा दोष आढळला होता. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील १९२२ रुग्णांच्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिनचा या बाबतीत काहीच उपयोग दिसला नाही. दोन्ही गटांत प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास राहिले, उलट औषध घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण अधिक निघाले. सासऱ्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) मुळात काठावरचे, त्यामुळे डोस वाढवण्याचा विषय तेथेच मिटला. चालू गोळी मात्र रक्तवाहिन्यांसाठी लागतेच, ती परस्पर बंद करू नये आणि ठोक्यांच्या दृष्टीने बीटा ब्लॉकर ही ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी चुकवू नये, असे त्यांनी केसपेपरवर ठळक लिहून दिले.

ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक उंच टोकाआधीचा बारीकसा उंचवटा पेनाने दाखवून, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो नाहीसा होतो आणि टोकांमधले अंतर विषम होते, हेही त्यांनी समजावले. इतका वेळ देणारे डॉक्टर विरळाच. अर्थात त्याची किंमत बाहेर बसलेल्यांना मोजावी लागते, कारण दिलेली वेळ येथे नावापुरतीच असते. दुचाकी लावायलाही जागा नाही.

खालच्या मेडिकलबद्दल मात्र तक्रार आहे. लिहून दिलेली गोळी शिल्लक नव्हती, तेव्हा तेवढ्याच मिलिग्रॅमची अटोरव्हास्टॅटिन "एकच असते" म्हणून पुढे करण्यात आली. वस्तुतः रोसुव्हास्टॅटिन तेवढ्याच मात्रेत बरीच अधिक प्रभावी असते. आम्ही ती परत करून औषध दुसरीकडून घेतले.