गाणी आमची, वाट त्यांची: डिस्ट्रिब्युशन सेवा वापरून झाल्यावर

गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या सेवांचे जे अनुभव वाचायला मिळतात ते बहुतेक पहिल्या आठवड्यातले असतात. अपलोड किती पटकन झालं, गाणं सगळीकडे कधी दिसलं, डॅशबोर्ड कसा आहे. तो भाग माझ्याकडेही सुरळीत पार पडला. प्रदर्शनाची तारीख तेवढी दोन-तीन आठवडे पुढची ठेवा, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मला लिहायचंय ते मालकीबद्दल. ‘१०० टक्के हक्क तुमचेच’ या एका ओळीवर मी ही सेवा घेतली. ओळ खोटी नाही. करारात सेवा फक्त वितरणाचा परवाना घेते, मास्टरची (म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची) मालकी मागत नाही, आणि नोटीस देऊन बाहेर पडता येतं. पण हक्क आपले आहेत हे ती सेवा सिद्ध करत नाही आणि सांभाळतही नाही. अपलोडच्या फॉर्ममध्ये एक चौकट असते: या रेकॉर्डिंगचे सगळे हक्क तुमच्याकडे आहेत का? टिक केलं की पुढचं पान उघडतं. कागद कुणी मागत नाही. वाद झाला की मात्र त्या टिकची सगळी जबाबदारी आपल्यावर, आणि हे करारात ठळकपणे लिहिलेलं असतं.

म्हणून आम्ही चौघांनी पहिल्या गाण्याआधीच एका पानाचा स्प्लिटचा, म्हणजे कुणाचा किती वाटा याचा, कागद केला. चाल माझी, शब्द मैत्रिणीचे, बासरी एका मित्राची, बीट, म्हणजे मागचं तयार ताल-संगीत, एका प्रोड्युसरचं. लिहायला बसल्यावर कळलं की आपण एका गाण्याबद्दल नाही, दोन मालमत्तांबद्दल बोलतोय. चाल आणि शब्द मिळून रचना होते. तिचे मालक संगीतकार आणि गीतकार. जे रेकॉर्ड झालं ते मास्टर. त्याचा मालक ज्याने रेकॉर्डिंग करवलं तो, किंवा कागदावर ठरेल तो. बासरीवाल्या मित्राचा रचनेत वाटा नाही, पण मास्टरच्या पैशांत आम्ही ठेवला. प्रोड्युसरचं प्रकरण वेगळं. बीट त्याने आम्हाला पूर्ण विकलं नव्हतं, लीजवर दिलं होतं, म्हणजे तेच बीट तो आणखी चार जणांना देऊ शकतो, आणि आमच्या लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत वापरायचं याचीही मर्यादा होती. अशा गाण्याला फॉर्ममध्ये ‘सगळे हक्क आमचे’ म्हणून टिक करणं धाडसाचंच. आम्ही जादा पैसे भरून बीट कायमचं घेतलं आणि मगच गाणं वर टाकलं.

सेवेत ‘स्प्लिट’ नावाची सोय आहे. प्रत्येकाचा ईमेल आणि टक्के टाकले की पैसे आपोआप वाटले जातात. सोय छान आहे, महिन्याच्या शेवटी हिशोब करत बसावं लागत नाही. पण ती फक्त पैसे वाटते, मालकी वाटत नाही. खातं ज्याच्या नावावर, तो ते टक्के कधीही बदलू शकतो. बाकीच्यांना मेल जातो, एवढंच.

पैसेही सगळे इथून येत नाहीत. सेवा मास्टरचे पैसे आणते. रचनेचे पैसे, म्हणजे सार्वजनिक सादरीकरणाचे आणि मेकॅनिकल रॉयल्टीचे (रचनेची प्रत किंवा स्ट्रीम होते त्यामागचे), वेगळ्या संस्थांकडून येतात, आणि तिथे संगीतकार-गीतकाराने स्वतः नोंदणी केली नसेल तर ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी २०२१ पासून मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह ही संस्था गोळा करते. तिच्याकडे गाण्याची नोंद नसेल तर ते पैसे मिळत नाहीत, आणि डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे या सेवेच्या, डॅशबोर्डवर त्यातलं काही दिसतही नाही. माझ्या सेवेने यावर ‘पब्लिशिंग’ नावाचं, रचनेचे पैसे गोळा करून देणारं जोडपॅकेज दाखवलं. ते घेण्याआधी करार वाचा म्हणून बजावून सांगतो. मूळ सेवा नोटीस देऊन सोडता येते, पण पब्लिशिंगच्या करारात रचनेचं व्यवस्थापन ठरावीक मुदतीसाठी फक्त त्यांच्याकडेच राहील असं कलम होतं. मी आधीच एका संस्थेचा सभासद आहे, त्यामुळे मला ते नको होतं. कुठेच नोंदणी नसलेल्याला कदाचित परवडेल.

आता मनस्ताप. यूट्यूबचं कंटेंट आयडी (दुसऱ्याच्या व्हिडिओत आपलं रेकॉर्डिंग आपोआप ओळखणारी यंत्रणा) सेवेतून चालू केलं आणि काही दिवसांतच बासरीवाल्या मित्राच्या चॅनलवर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, गेला. त्याने आमच्याच गाण्याच्या तालमीचा व्हिडिओ टाकला होता, मागे आमचंच रेकॉर्डिंग वाजत होतं. क्लेम लावणारा कोण, तर आमचीच सेवा, आमच्या वतीने. त्याने फोनवर विचारलं, ‘अरे, माझ्याच बासरीवर तू केस टाकलीस का?’ चॅनल व्हाइटलिस्ट करायची, म्हणजे क्लेममधून वगळायची, सोय असते, पण माझ्या सेवेत ती मेनूच्या तळाशी लपलेली आहे आणि प्रत्येक चॅनलची लिंक वेगळी द्यावी लागते. मदत विभागाकडून पहिलं उत्तर आलं ते साचेबद्ध, दुसरं कामाचं.

याहून महत्त्वाचं दुसऱ्या गाण्यात झालं. त्यात विकत घेतलेल्या सॅम्पल पॅकमधला (तयार आवाजांच्या संचातला) एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, होता. लूप वापरायचा हक्क आपल्याला असतो, पण तोच लूप हजारो लोकांकडे असतो, आणि कंटेंट आयडीत टाकायचं तर त्या आवाजावर आपला एकट्याचा हक्क हवा. तसं नसताना टाकलं की अनोळखी लोकांच्या गाण्यांवर आपल्या नावाने क्लेम जातात आणि मग त्यांच्या तक्रारी येतात. मी ते गाणं कंटेंट आयडीबाहेर ठेवलं. सेवेने त्यासाठी वेगळा प्रश्न विचारला होता, एवढं श्रेय तिला देतो.

अजून एक गोष्ट जाहिरातीत नसते. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला मास्टरचे पैसे मिळत नाहीत. त्याच वर्षापासून खोटे स्ट्रीम मोठ्या प्रमाणात सापडले तर डिस्ट्रिब्युटरकडून दर गाण्यामागे दंड घेतला जातो. डिस्ट्रिब्युटर तो कुणाच्या माथी मारणार, हे सांगायला नको. आमचं एक गाणं कुणीतरी परस्पर बॉटच्या (माणसांऐवजी प्रोग्रॅम खोटे स्ट्रीम करतात अशा) प्लेलिस्टमध्ये टाकलं. रातोरात आकडे चढले, पाठोपाठ इशाऱ्याचा मेल आला. मी लगेच त्या प्लेलिस्टची लिंक आणि तारखांसह उत्तर पाठवलं म्हणून दंड टळला. पण करारात संशयावरून कमाई गोठवायचा अधिकार सेवेकडे आहेच. गाणं तुमचं, पण तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे.

शेवटी मी बाहेर पडायची वाट मुद्दाम तपासली. एक जुनं सिंगल दुसऱ्या सेवेवर हलवून पाहिलं. इथे आयएसआरसी कामाला येतो. हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक त्या रेकॉर्डिंगचा असतो, सेवेने दिलेला असला तरी सेवा सोडली म्हणून बदलत नाही. (तो मालकीचा पुरावा मात्र नाही. असा समज मी अनेकांकडून ऐकलाय.) नव्या सेवेवर तीच ऑडिओ फाइल, तेच शीर्षक, कलाकारांची नावं त्याच स्पेलिंगमध्ये आणि जुना आयएसआरसी टाकला. नवी प्रत सगळीकडे दिसल्यावरच जुनी काढायला सांगितली. मधले काही दिवस गाणं दोनदा दिसत होतं. स्ट्रीमचे आकडे आणि प्लेलिस्टमधली जागा स्पॉटिफायवर टिकली, दुसऱ्या एका ठिकाणी श्रोत्यांचे अभिप्राय गेले. सिंगलचा यूपीसी (बारकोडचा क्रमांक) नवा मिळाला, त्याने काही बिघडलं नाही. जुनी प्रत आधी काढली असती तर हे सगळं पणाला लागलं असतं, तेव्हा क्रम उलटा करू नका.

वार्षिक वर्गणीच्या सेवांमध्ये वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात, हेही आधी बघा. हक्क तुमच्याकडेच राहतात, पण गाणं ऐकायला मिळत नाही. माझ्या सेवेत जादा पैसे भरून एखादं गाणं कायम ठेवता येतं. चालणाऱ्या दोन गाण्यांसाठी मी ते भरले, बाकीच्यांसाठी नाही.

मध्यंतरी सेवेने अटी बदलल्या आणि एआय प्रशिक्षणाला संगीत देण्याची एक नवी चौकट आली. ती आधीच टिक केलेली होती. मी काढली, आणि गाणी सगळ्यांची असल्यामुळे बाकी तिघांनाही कळवलं. ज्यांच्या संमतीशिवाय ती टिक लागली त्यांना विचारणं सेवेचं काम होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकटे गाता, स्वतःच लिहिता, स्वतःच वाजवता, तर ही सेवा डोळे मिटून घ्या. चार जण मिळून गाणं करत असाल तर आधी स्प्लिटच्या कागदावर सह्या घ्या. आयएसआरसींची यादी, मूळ वेव्ह फाइल्स, लीजच्या पावत्या आणि सेवेच्या अटींची तारखेसह पीडीएफ स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा. मी पाचापैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण कापलाय तो त्या आधीच लावलेल्या टिकसाठी, बाकीचा मदत विभागासाठी. पुढचं गाणं मी नव्या सेवेवरून सोडतोय, जुनी आहेत तिथेच राहू देणार.