फोर्क्सच्या बाजूला विंटर स्टीलहेड: लॉज कसा वाटला

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक पेनिन्सुलावर फोर्क्स गावाच्या आसपास नदीकाठी जे छोटे फिशिंग लॉज आहेत त्यातल्या एकावर फेब्रुवारीत स्टीलहेड मासा गरवायला जाऊन आलो. लॉज आवडला, परत नक्की जाणार, पण एका गोष्टीचा जाम वैताग आला आणि ती खाली लिहिलीये म्हणून नाव टाकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. पॅसिफिक सॅमनसारखा अंडी घालून मरतोच असं नाही, काही परत समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात. विंटर रन, म्हणजे हिवाळ्यात मासे नदीत परतायचा काळ, साधारण डिसेंबर ते एप्रिल, सुरुवातीला हॅचरीचे (केंद्रात वाढवून सोडलेले) जास्त, फेब्रुवारी-मार्चला जंगली आणि मोठे. गुहागरला आमच्याकडे खडकावर बसून गरवतात तिथे आमिषाच्या वासानं मासा येतो, इथे आमिष लावायलाच बंदी, गळ एकच आणि तोही टोकाला उलटा काटा नसलेला. त्यात पाणी इतकं गार की मासा हलायला तयार नसतो, त्यामुळे फ्लाय (पिसं-दोरे बांधून केलेलं खोटं आमिष) खोल आणि सावकाश त्याच्या तोंडासमोरून गेली पाहिजे. 13 फुटी, दोन्ही हातांनी फेकायचा स्पे रॉड, लाइनच्या टोकाला खोल बुडणारी जड सिंक टिप, पलीकडे आडवं टाकायचं, प्रवाह फ्लायला ओढत आपल्या काठाला आणतो, मग दोन पावलं खाली सरकायचं आणि परत तेच, दिवस मावळेपर्यंत.

सगळा खेळ पावसाचा आहे. फोर्क्सला वर्षाला 100 इंचांच्या वर पाऊस पडतो आणि एका रात्रीत नदी गढूळ होऊन जाते. होह नदी माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांमधून येते, ती एकदा गढूळली की निवळायला वेळ घेते, सोल डक नदी त्या मानानं लवकर निवळते. म्हणजे आज कुठल्या नदीवर जायचं हे ज्याला कळतं त्याचे पैसे आपण देतो, आणि इथला गाइड खरंच त्या पैशाचा आहे. संध्याकाळी त्यानं पाण्याच्या अगदी कडेला वाळूत एक काटकी रोवली, सकाळी टॉर्च मारून बघितलं तर काटकी आणि पाणी यात वीतभर अंतर पडलेलं. पाणी उतरतंय म्हटल्यावर ठरलेला प्लॅन बदलून त्यानं आम्हाला दुसऱ्याच नदीवर नेलं. तिथे पाण्याला तो हिरवट रंग होता ज्याच्यासाठी लोक थंडीभर वाट बघतात.

मासा लागला तो दुपारी. आधी लाइन नुसती जड झाली, मग रीलचा आवाज सुरू झाला तो थांबेचना. चांदीसारखा स्वच्छ मासा, शेपटीजवळ समुद्री उवा अजून चिकटलेल्या, म्हणजे खाडीतून नुकताच वर आलेला. पाठीवर शेपटीकडचा छोटा ॲडिपोज पर शाबूत होता (हॅचरीच्या माशांचा कापून सोडतात), म्हणजे जंगली. जंगली स्टीलहेड पूर्ण पाण्याबाहेर काढायचाच नाही असा वॉशिंग्टन राज्याचा नियम आहे, त्यामुळे फोटोसाठी उचलाउचल नाही, गाइडनं पाण्यातच गळ सोडवला, क्षणभर प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि मासा हातातून निघून गेला. माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते, आणि तेवढ्यासाठी मी परत चार तास प्रवास करायला तयार आहे.

लॉजचं म्हणाल तर खोल्या साध्या, नेटवर्क जवळजवळ नाही, पण ओले कपडे-बूट वाळवायची खोली एक नंबर. गरम हवेच्या पाइपांवर वेडर (पाण्यात उभं राहायला घालायची जलरोधक पँट) उलटे टांगायचे, बूट खाली, सकाळी सगळं कोरडं ठणठणीत. थंडीत ओले बूट घालावे लागले की पुढचा दिवस गेला म्हणून समजा, म्हणून हे जेवणाच्याही आधी विचारून घ्या. जेवण बरं, सकाळचं सूप छान, शाकाहारी लोकांनी मात्र आधी सांगून ठेवा आणि तरीही सोबत थेपले-चटणी न्या.

आता वैताग. सगळ्या नद्या एकदम चढल्या तर गाइडिंगचा तो दिवस वाया जातो आणि पैसेही परत नाहीत, तारीखही बदलून नाही, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. पाऊस त्यांच्या हातात नाही हे मान्य, पण बुकिंगच्या वेळी हे ठळक सांगायलाच हवं होतं, रक्कम काही थोडीथोडकी नाही. त्यामुळे कुठल्याही लॉजला फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

होडीतून फिशिंग करायचं डोक्यात असेल तर, गेल्या काही सीझनला तिथल्या बऱ्याच नद्यांवर होडी फक्त एका जागेहून दुसरीकडे जायला चालते, मासेमारी उतरून पाण्यात उभं राहूनच. नियम दर सीझनला बदलतात, मध्येच नदी बंदही करतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर बघून घ्या. लायसन्स तिथेच ऑनलाइन मिळतं, सोबत पकडलेल्या माशांची नोंद करायचं कॅच रेकॉर्ड कार्डही घ्यायचं.