स्वतःचा व्हिडिओ स्वतः करावा की दिग्दर्शकाकडे द्यावा? बिली आयलिशच्या दोन पांढऱ्या खोल्या

गाणं रेकॉर्ड झालंय, मिक्सिंग झालंय आणि हातात जेमतेम एका दिवसाच्या शूटिंगचे पैसे आहेत. आता व्हिडिओ स्वतः दिग्दर्शित करायचा की कुणाच्या तरी हवाली करायचा? मी पुण्यात गाण्यांचे व्हिडिओ एडिट करतो. महिन्यातून एखादा तरी तरुण गायक किंवा गायिका हा प्रश्न घेऊन येतेच, आणि बोलता बोलता अमेरिकन पॉप गायिका बिली आयलिशचं नाव निघतंच. "ती नाही का सगळं स्वतःच करते?"

सगळं नाही करत. तिचे सुरुवातीचे व्हिडिओ दुसऱ्यांनी केले, २०१९च्या शेवटापासून बरेचसे तिनं स्वतः केले आणि मधेच एखादा पुन्हा दुसऱ्याकडे दिला. गायिका तीच, चेहरा तोच, कॅमेऱ्यामागचा माणूस तेवढा बदलतो. तुमच्या प्रश्नासाठी याहून सोयीचं उदाहरण मला माहीत नाही.

दोन पांढऱ्या खोल्या

आधी 'व्हेन द पार्टीज ओव्हर' बघा. ऑक्टोबर २०१८, बिली तेव्हा सोळा वर्षांची. दिग्दर्शक कार्लोस लोपेझ एस्ट्राडा, ज्याचा 'ब्लाइंडस्पॉटिंग' हा सिनेमा त्याच वर्षी आला होता. पांढरी खोली, पांढरे कपडे, एक खुर्ची आणि काळ्या द्रवानं भरलेला ग्लास. ती तो ग्लास उचलते आणि पिते. मग डोळ्यांतून काळं पाणी वाहायला लागतं, गालावरून गळ्यावर, गळ्यावरून शर्टावर. व्हिडिओ एवढाच.

त्याच्या शेजारी 'झॅनी' ठेवा. डिसेंबर २०१९, अठरावं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी, आणि दिग्दर्शिका म्हणून हा तिचा पहिला व्हिडिओ. पुन्हा पांढरी भिंत, पांढरे कपडे, पुन्हा ती बसलेली. फ्रेमबाहेरून हात येतात आणि पेटत्या सिगारेटी तिच्या गालावर विझवतात. गाणं आहे नशेत बुडालेल्या मित्रांमध्ये शुद्धीवर बसलेल्या मुलीचं. धूर त्यांचा आणि ॲशट्रे ही. कल्पना म्हणून मला 'झॅनी'च जास्त आवडतो. सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचावं आणि तिनं त्यात आणखी काही कोंबू नये, हा संयम पन्नाशीतल्या दिग्दर्शकांनाही जमत नाही.

तरीही दुसऱ्यांदा बघायला बसलो की मी पहिलाच लावतो. बराच काळ मला वाटायचं की काळे अश्रू दिसायला जबरदस्त आहेत म्हणून असेल. पण एकदा दोन्ही व्हिडिओ आवाज बंद करून बघितले आणि गोम लक्षात आली. पहिल्यात तिला काम आहे. भरलेला ग्लास संपवायचा आहे. घोट मोठा झाला की घसा हलतो, श्वास अडकतो, डोळे आपोआप बारीक होतात. तिला दुःख 'दाखवावं' लागत नाही, कारण शरीर आधीच कामाला लागलंय. 'झॅनी'त तिला काहीच करायचं नाही, फक्त सोसायचं आहे. निर्विकार राहायचं असं तिनं ठरवलंय आणि ते गाण्याला धरूनही आहे; पण दुसऱ्या मिनिटाला तो निर्विकारपणा चिकटवल्यासारखा वाटायला लागतो. हात वाढतात, सिगारेटी वाढतात, चेहरा मात्र आहे तिथेच. कॅमेऱ्यामागे कुणी वेगळा माणूस असता तर त्यानं कदाचित एवढंच म्हटलं असतं, "तिसऱ्या सिगारेटीला जरा मान हलू दे." स्वतःच्या चेहऱ्याबद्दल हे स्वतःला सांगता येत नाही. टेक संपल्यावर मॉनिटरवर बघून कळतं, पण मॉनिटरवर माणूस आपण कसे दिसतो हे बघतो. काय करतोय हे बघायचं राहूनच जातं.

थोडं घरचं सांगतो. मागे एका मुलीचं गाणं माझ्याकडे एडिटला आलं. जुन्या वाड्याची खिडकी, नऊवारी, गायिका स्वतःच दिग्दर्शिका. प्रत्येक टेकनंतर धावत मॉनिटरशी, मग पुन्हा खिडकीत. तासभराचं फुटेज होतं आणि प्रत्येक शॉटमध्ये 'आठवण येतेय' असा एकच चेहरा. एका टेकच्या आधी कुणीतरी तिला सांगितलं होतं की बांगड्या लाइटला चमकतायत, काढा. तेवढ्यात प्लेबॅक सुरू झाला. एक बांगडी निघेना. बाई ओठ बरोबर हलवतायत, सूर धरून आहेत आणि खाली हाताशी झटापट चाललीय. नऊ सेकंद. अख्ख्या गाण्याचा कणा मी त्या नऊ सेकंदांवर उभा केला. तिला ते आजही पटलेलं नाही.

दोन रिकाम्या इमारती

दुसरी जोडी 'देअरफोर आय ॲम' (२०२०) आणि 'बर्ड्स ऑफ अ फेदर' (२०२४) यांची. पहिला तिनं केला, आयफोनवर, लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेल गॅलेरिया या मॉलमध्ये, मॉल बंद असताना. ती एकटीच पळते, नाचते, दुकानांतून प्रेट्झेल, डोनट, फ्राइज उचलून खात सुटते आणि शेवटी कुणीतरी तिच्यावर ओरडतं. दुसरा एडन झामिरीनं केला. रिकामं ऑफिस, ती खुर्चीत बसलेली, आणि एक अदृश्य शक्ती तिला ओढते, फरशीवरून फरफटवते, इकडून तिकडे भिरकावते.

आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पोरांना पहिल्यासारखा व्हिडिओ हवा असतो. फोन तर सगळ्यांकडे आहे! रिकामा मॉल कुठून आणणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्याकडे रात्री दोन वाजता लक्ष्मी रोडवरसुद्धा कुणीतरी चहाचा कप घेऊन उभा असतो आणि कॅमेरा दिसला की फ्रेममध्ये येतो. शिवाय तो व्हिडिओ चालतो तो तिच्या मिजाशीवर. तिथं ती अभिनय करतच नाही, बिली आयलिश असते, आणि तिला ओळखणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. तुम्हाला अजून कुणी ओळखत नाही. तोंडात डोनट धरून मिरवणारी अनोळखी मुलगी प्रेक्षक मिनिटभर बघेल, मग अंगठ्यानं वर सरकवेल.

'बर्ड्स ऑफ अ फेदर'मधलं तिचं काम मला तिच्या सर्वांत चांगल्या कामांपैकी वाटतं, आणि ते स्वदिग्दर्शनात जमलं असतं असं वाटत नाही. खेचलं जाणारं शरीर कधी ताठ असावं, कधी सैल सोडावं, हे बाहेरूनच दिसतं. आत असलेल्याला फक्त फरशी लागते.

'चिहिरो'बद्दल (२०२४) थोडक्यात. हा तिनंच केला, सोबत नॅट वुल्फ हा नट. कॉरिडॉर, दारं, पळापळ, झटापट. धावतानाची ती छान. पण दोघांनी नुसतं एकमेकांकडे बघायचं आलं की तो बघतो आणि ती बघण्याची पोज घेते. आणि हीच मुलगी 'स्वॉर्म' (२०२३) या मालिकेत, दुसऱ्यांच्या दिग्दर्शनाखाली, एका पंथाची गोडबोली पुढारीण म्हणून चांगलीच जरब बसवते. तिथं तिला समोरच्या मुलीला बोलतं करायचं असतं. पुन्हा तेच: हातात काम.

मग स्वतः करूच नये?

असं म्हणायला मी तयार होतो, पण 'व्हॉट वॉज आय मेड फॉर?' (२०२३) आडवा येतो. दिग्दर्शन तिचंच. पिवळा पोशाख, एक टेबल आणि बाहुलीच्या कपड्यांची पेटी. ती पेटीतून एकेक इवलासा कपडा काढते आणि दांडीवर टांगते. नीट बघितलं की कळतं, हे तिचेच गाजलेले पोशाख आहेत, बाहुलीच्या मापाचे. मग वारा सुटतो, पाऊस येतो, टेबल हादरतं, आणि ती कपडे सावरत बसते. डोळ्यांत पाणी आहे की नाही याकडे माझं लक्षच जात नाही, कारण तो एवढासा हँगर पडतोय आणि तिला तो उचलायचाय. 'झॅनी'तली एकच-कल्पना-पुरे ही शिस्त इथं आहे, आणि चार वर्षांत ती स्वतःला काम द्यायला शिकली आहे. 'एनडीए' (२०२१) याच्या उलट टोकाला: एकच सलग शॉट, अंधारी वाट आणि तिच्या आजूबाजूनं गाड्या पळवणारे २५ स्टंट ड्रायव्हर. तोही तिनंच केलाय आणि चांगला केलाय, पण ती सगळी आखणीची कमाल. तेवढी आखणी करून देणारी माणसं तुमच्या दिमतीला नाहीत, तेव्हा तो सोडून द्या.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता एकच विचारतो. गाणं सुरू असताना तुमचे हात काय करत असतील, ते एका ओळीत लिहा. 'मटार सोलतेय आणि शेवटच्या कडव्यापर्यंत पातेलं भरतं' असं काही लिहिता आलं तर बेधडक स्वतः करा, आणि दिग्दर्शकाचे पैसे चांगल्या कॅमेरामनला आणि लाइटला द्या. ओळीत 'एकटेपणा', 'घुसमट', 'आठवणी' असे शब्द आले तर दिग्दर्शक शोधा, कारण तुमच्याकडे भावना आहे, काम नाही. गाण्यात दुसरं माणूस असेल, पडणं-झडणं असेल किंवा स्लो मोशन असेल, तरीही शोधा. स्लो मोशनला गाणं दुप्पट वेगानं वाजवून त्यावर ओठ हलवावे लागतात. त्या गडबडीत स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही.

दिग्दर्शकाकडे दिलं म्हणजे गाणं हातचं गेलं, ही भीती मला कळते. एस्ट्राडाच्या त्या पांढऱ्या खोलीची कल्पना मुळात बिलीचीच होती. तिच्यावरच्या २०२१च्या माहितीपटात ती घरामागच्या अंगणात आईला खुर्चीवर बसवून, काय हवंय ते आधी स्वतः शूट करताना दिसते. ही गोष्ट फुकटात उचलण्यासारखी आहे. रविवारी गच्चीवर आईला बसवा, फोन स्टँडला लावा, गाणं वाजवा आणि तुमच्या ओळीतलं काम तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला सांगा. दुसऱ्या कडव्याच्या मधेच तिनं वर बघून "आता पुढे काय करू गं?" असं विचारलं आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही, तर तेवढी क्लिप घेऊन सोमवारी दिग्दर्शकाला फोन लावा.