पाऊस सरला: कुंडीत आधी मेथी की कोथिंबीर?

घटस्थापनेला परडीत धान्य रुजायला लागलं की गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्याही खुणावू लागतात. आश्विनात मी मेथीच्या बाजूने. रात्रभर भिजवलेले दाणे चार-पाच दिवसांत वर येतात आणि साधारण २५ ते ३० दिवसांत भाजी हाती लागते. ऑक्टोबरचं ऊन ती बऱ्यापैकी सोसते.

कोथिंबिरीचं तंत्र वेगळं. अख्खा धणा म्हणजे खरं तर दोन बियांचं फळ. हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन फाकी करायच्या, मग भिजवायच्या. किराणा दुकानातले धणेही चालतात, फक्त भाजलेले नकोत. उगवायला आठ-दहा दिवस, काढणीला ४० ते ४५. उकाडा असला की उगवण विरळ होते आणि रोप लवकर फुलावर येतं. पण थंडीतल्या कोथिंबिरीचा तो घमघमाट! शिवाय वरवर खुडली तर पुन्हा फुटते, रोज पोह्यांवर चिमूटभर मिळते. मेथी बहुधा एका भाजीतच संपते.

कुंडी एकच असेल तर आत्ता मेथी पेरा आणि दिवाळीनंतर त्याच मातीत थोडं शेणखत मिसळून धणे. सहा इंच खोली दोन्हींना पुरते.