बंद पडलेला गेम परत येणार, पण उशिरा: थांबावे, चाहत्यांच्या सर्व्हरवर जावे की दुसरा गेम धरावा?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम नव्याने सुरू होणार असल्याची घोषणा होते, तारीख जाहीर होते आणि मग ती पुढे ढकलली जाते, तेव्हा जुन्या खेळाडूपुढे तीन मार्ग असतात: कंपनीची वाट पाहत थांबणे, चाहत्यांनी स्वतःच्या संगणकांवर चालवलेल्या सर्व्हरवर खेळणे, किंवा त्या गेमचा नाद सोडून दुसरा धरणे. या तिन्ही मार्गांनी गेलेल्या खेळाडूंचे पुढे काय झाले ते आता माहीत असल्यामुळे तुलना करणे शक्य आहे. तारीख किती वेळा हुकली याचीच चर्चा सर्वाधिक होते. पण मधल्या काळात आपले पात्र (गेममधली आपण घडवलेली व्यक्तिरेखा) कोणाच्या ताब्यात राहते, पैसे कशाचे घेतले जातात आणि चाललेले काम बाहेरून दिसते की नाही, यांवरून निर्णय घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

थांबण्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण ‘फायनल फँटसी फोर्टीन’चे आहे. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा हा गेम ३० सप्टेंबर २०१० रोजी बाजारात आला आणि संथ मेन्यू, तोच तोच भूभाग आणि अडखळणारे सर्व्हर यांमुळे सपशेल आपटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. कंपनीने मासिक शुल्क जानेवारी २०१२ पर्यंत आकारलेच नाही, आणि जुन्या गेमची डागडुजी चालू ठेवून त्याच वेळी नवा गेम मुळापासून बांधायला घेतला. नवी आवृत्ती २०१२ च्या अखेरीस अपेक्षित होती, ती २०१३ वर गेली. जुने सर्व्हर ११ नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाले आणि ‘अ रिल्म रिबॉर्न’ २७ ऑगस्ट २०१३ रोजी आला. म्हणजे मधले सुमारे साडेनऊ महिने, बीटा (प्रकाशनापूर्वीच्या) चाचण्या वगळता, खेळायला काहीच नव्हते.

तरीही हा काळ खेळाडूंनी सोसला, कारण बंद होण्यालाच कथेत जागा दिलेली होती. शेवटच्या महिन्यांत आकाशातला ‘डालामूड’ नावाचा तांबडा चंद्र मोठा होत गेला, अखेरीस तो फुटून आतून बाहामूट हा महाकाय ड्रॅगन बाहेर पडला, आणि नवा गेम त्या संहारानंतर पाच वर्षांनी सुरू झाला. जुनी पात्रे जपून पुढे नेण्यात आली. ठरावीक काळ शुल्क भरलेल्यांना कायमची सवलत मिळाली आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत झळकली. योशिदा दरम्यान खेळाडूंना उद्देशून सातत्याने पत्रे लिहीत होते आणि काय बदलत आहे, का बदलत आहे हे सांगत होते. माझ्या मते थांबणाऱ्याला खरा आधार या पत्रांचा होता. अर्थात एवढे करूनही पहिल्या दिवसांत सर्व्हर इतके तुंबले की कंपनीला डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली. तेव्हा लाँचच्या दिवसासाठी कोणी कचेरीतून रजा काढू नये.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे प्रकरण वेगळे आहे. तिथे गेम चालूच होता, पण २००४ साली सुरू झालेले त्याचे मूळ रूप उरले नव्हते, आणि ते हवे असणारे खेळाडू ‘नोस्टॅल्रियस’ या चाहत्यांच्या सर्व्हरवर गेले होते. गेमची मालक कंपनी ब्लिझार्डच्या वकिलांचे पत्र आल्यावर तो एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला. त्यानंतर दोन लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन कंपनीपर्यंत गेले, नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘क्लासिक’ या जुन्या रूपातल्या आवृत्तीची घोषणा झाली आणि भारतीय वेळेनुसार २७ ऑगस्ट २०१९ च्या पहाटे साडेतीनला तो सुरू झाला. योगायोगाने तारीख ‘रिल्म रिबॉर्न’चीच होती, आणि आत शिरण्यासाठीच्या लांबलचक रांगाही तशाच. मोठा फरक पात्रांचा: इथे सर्वांना पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी लागली. मात्र वेगळी खरेदी करावी लागली नाही, नेहमीच्या सबस्क्रिप्शनमध्येच तो मिळाला.

चाहत्यांचा सर्व्हर म्हणजे बुडीत खाते, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई मात्र करू नये. ‘सिटी ऑफ हिरोज’ हा गेम एनसीसॉफ्ट या त्याच्या कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. काही मंडळी तो गुपचूप खासगी सर्व्हरवर चालवत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यातून ‘होमकमिंग’ हा खुला सर्व्हर उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्याला रीतसर परवाना दिल्याचे जाहीर झाले. खेळणे विनामूल्य आहे, खर्च देणग्यांतून भागतो. अधिकृत पुनरागमनाची वाट पाहत बसलेल्याला मात्र कंपनीकडून काहीच मिळाले नसते. तरीही परवाना हा अपवाद आहे. परवाना नसलेल्या सर्व्हरवर वेळ घालवायला माझी हरकत नाही, पण तिथे वस्तू विकत घेण्यावर पैसे घालवू नयेत. सर्व्हर कंपनीच्या वकिलाच्या एका पत्राने बंद होऊ शकतो आणि पात्रावर दावा सांगायला जागा उरत नाही.

वाट पाहणे फुकट जाण्याचे उदाहरण ‘ब्लू प्रोटोकॉल’ या ऑनलाइन गेमचे. जपानमध्ये तो जून २०२३ मध्ये सुरू झाला. अमेरिका-युरोपसाठी अॅमेझॉन गेम्सने जाहीर केलेली आवृत्ती २०२३ वरून २०२४ वर गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रद्दच झाली. जानेवारी २०२५ मध्ये जपानमधील सर्व्हरही बंद झाले. पुनरागमनाचे हे प्रकरण नव्हे, पण ज्या गेमची मूळ आवृत्तीच डळमळीत आहे त्याच्या पुढच्या तारखेवर भिस्त ठेवू नये, एवढे यावरून दिसते.

म्हणून उशीर होऊनही काम दिसत असेल, जुनी पात्रे राखण्याचे लेखी आश्वासन असेल आणि मधल्या काळात शुल्क नसेल, तर थांबावे. तारखेखेरीज काही सांगितलेच जात नसेल, तर दुसरा गेम धरावा; मूळ गेम आला तर परतण्यापासून कोणी अडवत नाही. गिल्डमधले (गेममधल्या कायमच्या गटातले) सोबती मात्र एकाच वेळी हलवावेत, कारण विखुरलेला गट पुन्हा जमवणे पात्र वाढवण्यापेक्षा कठीण असते.

भारतातून खेळणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ‘फायनल फँटसी’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दोन्ही मोठ्या गेमचे सर्व्हर भारतात नाहीत. ‘फायनल फँटसी’चे सर्व्हर-केंद्र जपान, उत्तर अमेरिका, युरोप किंवा २०२२ पासून ओशनिया यांतून निवडावे लागते, त्यामुळे आधी मोफत चाचणीत पिंग (सर्व्हरकडून प्रतिसाद यायला लागणारा वेळ) तपासून घ्यावा. दुसरे म्हणजे, रिझर्व्ह बँकेचे आवर्ती (दरमहा आपोआप होणाऱ्या) देयकांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यानंतर परदेशी कंपन्यांची कार्डावरची आपोआप होणारी वसुली अनेकदा अडकते. सवलत सलग शुल्क भरण्यावर अवलंबून असेल, तर नूतनीकरणाची तारीख स्वतःच लक्षात ठेवावी.